खिंडीच्या अलीकडे-पलीकडे : थट्टेकाड ते कोटागिरी

शाळेच्या नकाशात सह्याद्री तापीपासून थेट कन्याकुमारीपर्यंत एका रेषेत काढलेला असतो. प्रत्यक्षात ही रेषा पालक्काडजवळ तुटते. उत्तरेला निलगिरी, दक्षिणेला अनाईमलाई आणि पळनीचे डोंगर, आणि मधे ३०-४० किलोमीटर रुंदीची सखल खिंड. दोन हजार मीटरवरच्या गार जंगलात राहणारा चिमुकला पक्षी ही उकाड्याची पट्टी ओलांडायच्या भानगडीत पडत नाही. त्यामुळे लाखो वर्षांत दोन्हीकडचे पक्षी वेगळे होत गेले. २०१७ मध्ये व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय अभ्यासातून दाखवून दिलं, की इथले लाफिंगथ्रश आणि शोलाकिळी जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या दोन स्वतंत्र प्रजातींमधले (प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट) आहेत. एक प्रजाती लाफिंगथ्रशची, दुसरी शोलाकिळीची, आणि दोन्हींत खिंडीच्या अलीकडची जात वेगळी, पलीकडची वेगळी.

हे कळल्यापासून बाबांनी ध्यास घेतला होता, खिंडीच्या दोन्ही बाजू एकाच प्रवासात बघायच्या. बाबा सत्तरीला आलेले, नगरला राहून जायकवाडीचे पाणपक्षी पाहण्यात त्यांची उमर गेली. सोबत मी, भाऊ आणि वहिनी. वहिनीला पक्ष्यांपेक्षा झाडांची आणि स्वयंपाकघरांची ओढ जास्त, आणि त्याचा सगळ्यांनाच फायदा झाला.

जानेवारी मुद्दाम निवडला. पाऊस संपलेला असतो, जळवा जवळजवळ नसतात, आणि हिमालयातून आलेले हिवाळी पाहुणे मुक्कामाला असतात. शिवाय इरविकुलम राष्ट्रीय उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये ताहरच्या, म्हणजे तिथल्या रानबकऱ्यांच्या, विणीसाठी बंद ठेवतात, त्यामुळे उशीर करून चालत नाही.

थट्टेकाड, पहिला दिवस

कोची विमानतळावरून थट्टेकाड दीड-दोन तासांवर. कोतमंगलम सोडलं की रबराचे मळे लागतात, मग पेरियारवरचा पूल, आणि पलीकडे अभयारण्याची पाटी. सलीम अलींनी १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीनच्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं तेव्हा ते इथे आले होते. द्वीपकल्पीय भारतात पक्ष्यांच्या बाबतीत एवढी समृद्ध जागा दुसरी नाही, असं त्यांचं मत झालं. पन्नास वर्षांनी, १९८३ मध्ये, इथे जेमतेम २५ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. केरळमधलं हे पहिलं पक्षी अभयारण्य, आणि आज त्याला सलीम अलींचंच नाव आहे.

राहायला होमस्टे होता. घराच्या मालकीणबाईंना सगळे चेची म्हणत, म्हणजे ताई, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. दुपारी त्यांनी केळीच्या पानावर कप्पा आणि मीन करी वाढली. कप्पा म्हणजे उकडून, खोबरं-हळद घालून ठेचलेला टॅपिओकाचा कंद. माशाच्या रश्श्यात कुडमपुळी होती. काळी, सुरकुतलेली, धुराचा वास असलेली ही आंबट सालं वहिनीनं हातात घेऊन हुंगली आणि विचारलं, "आमसुलाच्या जातीचं का?" बरोबर होतं. कोकम आणि कुडमपुळी एकाच कुळातली झाडं. चेचींना हिंदी थोडं येई, वहिनीला मल्याळम अजिबात नाही, तरी त्या दोघी तासभर पाट्या-वरवंट्याशी बोलत बसल्या होत्या.

संध्याकाळी गाइड आम्हाला जंगलातल्या उघड्या कातळावर घेऊन गेला. त्याला सगळे चेट्टन म्हणत, म्हणजे दादा. कातळावर पाय सोडून बसायचं आणि समोरच्या झाडांच्या शेंड्यांकडे बघत राहायचं, एवढंच काम. घरट्याकडे परतणाऱ्या डोंगरी मैना जोडीजोडीनं डोक्यावरून गेल्या. निळ्या पंखांच्या मलबारी पोपटांचे थवे आले. मलबारी राखी धनेश हसल्यासारखा ओरडत एका शेंड्यावरून दुसऱ्यावर गेला. हा धनेश आपल्या कोकणात आहेच, पण इथे त्याची संख्या पाहून बाबा वही बंद करून नुसतेच बघत बसले.

अंधार पडू लागला तशी चेट्टननं बोटानं गप्प राहायची खूण केली. लांबून एक शीळ आली, मग अगदी डोक्यावरून. ग्रेट इअर्ड नाइटजार. हा रातवा घारीएवढा वाटतो, पंख लांब, उडणं संथ. कातळावर दोन घिरट्या घालून तो नदीकडे गेला. भावाचा कॅमेरा मांडीवरच राहिला, पण त्या उजेडात फोटो येणारही नव्हता.

थट्टेकाड, दुसरा दिवस

पहाटे साडेपाचला चुक्कू काप्पी. सुंठ, मिरी, गूळ घातलेली ही काळी कॉफी प्यायली की दुपारपर्यंत घसा शाबूत राहतो. डब्यात पुट्टु आणि कडला, म्हणजे काळ्या हरभऱ्यांची उसळ, बांधून दिली होती.

हा दिवस मंडूकमुखीचा. श्रीलंकन फ्रॉगमाउथ फक्त पश्चिम घाटात आणि श्रीलंकेत सापडतो. गोव्याच्या जंगलातही आहे, पण दिवसा सापडणं फार अवघड. चेट्टन एका ओढ्याकाठी थांबला, वेताच्या आणि बांबूच्या गचपणात वाकून शिरला आणि पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाला, दोघे दोघे चला, कुजबुजायचं नाही, फ्लॅश बंद, दोन मिनिटांत परत.

मी आणि बाबा आत गेलो. छातीच्या उंचीवर आडवी फांदी, फांदीवर वाळक्या पानांचा एक गुच्छ अडकलेला. मला पुष्कळ वेळ तेवढंच दिसत होतं. मग त्या गुच्छाला मिशा दिसल्या. चोचीच्या मुळाशी राठ, ताठ केस, त्यामागे रुंद, चपटी चोच वर उचललेली, डोळे बारीक फटीएवढे मिटलेले. आणि तो एक पक्षी नव्हता, दोन होते, अंगाला अंग चिकटवून. करडा, पांढऱ्या ठिपक्यांचा नर, आणि विटकरी रंगाची मादी. वाऱ्यानं फांदी हलली तशी दोघंही फांदीबरोबर हलली, पण मान वळवली नाही. दिवसभर हे असेच बसून राहणार. यांची मादी एकच अंडं घालते, आणि दिवसा ते उबवायला नर बसतो. चोचीवरचे ते केस मी दहा फुटांवरून मोजू शकले असते. बाबांनी माझ्या दंडाला हात लावला, दोन मिनिटं झाली होती.

बाहेर आल्यावर चेट्टननं सांगितलं, की पूर्वी काही ग्रुप इथे टॉर्च मारून, फांद्या बाजूला करून फोटो काढत. आता गावातल्या गाइडनी मिळूनच ठरवलंय, की एका जोडीपाशी दिवसातून मोजकीच माणसं न्यायची. ही शिस्त आम्हाला प्रवासात दुसरीकडे इतकी कडक दिसली नाही, आणि जिथे नव्हती तिथे ती हवी होती असं वाटलं.

परतीच्या वाटेवर कर्णा दिसला. मलबार ट्रोगन. काळं डोकं, गळ्याखाली पांढरी पट्टी, आणि पोट लालभडक. एवढ्या रंगाचा पक्षी पाठ करून बसला की दिसतच नाही, कारण पाठ मातकट तपकिरी. तो मिनिटामिनिटानं फक्त मान वळवत होता. एकदाच झेपावला, पानाखालचा किडा उचलला आणि पुन्हा त्याच फांदीवर पाठमोरा. नीलपरी, भृंगराज, काळजाच्या आकाराचे ठिपके मिरवणारा हार्ट-स्पॉटेड सुतार आणि पांढऱ्या पोटाचा टकाचोर हे सगळे एकाच मिश्र थव्यात आले, दहा मिनिटांत निघूनही गेले. गोव्याचा राज्यपक्षी असलेला पिवळा, लाल कंठाचा बुलबुल इथे अंगणातल्या झाडावर बसतो, याचं वहिनीला फार कौतुक वाटलं.

थट्टेकाडसाठी थोडं सांगते. किमान दोन रात्री द्या. स्थानिक गाइडशिवाय जाऊ नका, एकट्यानं फिरायची परवानगीही सगळीकडे नसते आणि इथे हत्ती आहेत. कपडे मातकट, बूट घोट्यापर्यंतचे. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायला सांगू नका, चांगला गाइड नकारच देतो.

मुन्नार, तिसरा दिवस

नेरियमंगलम सोडलं की घाट सुरू. वालरा आणि चिय्यप्पाराचे धबधबे जानेवारीतही वाहते होते. अडिमालीत पझम पोरी, म्हणजे नेंद्र केळ्यांची भजी, खाल्ली आणि दुपारी मुन्नारला पोहोचलो. गारठा एकदम वाढला. मुन्नारच्या बाजाराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, तिथली गर्दी आणि चॉकलेटची दुकानं कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणासारखीच.

इथलं मूळ जंगल म्हणजे शोला. डोंगराच्या घळींमध्ये, पाणी मुरतं तिथे, बुटक्या सदाहरित झाडांचा दाट पुंजका, आणि बाहेरच्या उतारांवर गवत. झाडांच्या खोडांवर शेवाळ आणि नेच्यांचे थर. दोनशे वर्षांपूर्वी हे डोंगर असे हिरव्या पुंजक्यांनी आणि गवतानं व्यापलेले होते. मग चहा आला, त्यानंतर निलगिरी आणि वॅटलच्या झाडांची लागवड. आता शोला उरली आहे ती घळींच्या टोकांना. उंचावरच्या पक्ष्यांसाठी हे पुंजके म्हणजे समुद्रातली बेटं, आणि शास्त्रज्ञही या डोंगरांना आकाशातली बेटं म्हणतात.

मुन्नार, चौथा दिवस : पांपाडुम शोला

पहाटे निघालो तेव्हा मळ्यांतल्या सखल जागी दंव पांढरं पडलेलं होतं. टॉप स्टेशनकडे जाणारा रस्ता कुंडळा खोऱ्यातून जातो. १९०२ मध्ये इथे मोनोरेल होती, मग नॅरो गेजची रेल्वे, चहाच्या पेट्या टॉप स्टेशनला नेऊन दोरमार्गानं खाली तमिळनाडूत उतरवत. १९२४ च्या महापुरानं ती रेल्वे वाहून गेली आणि पुन्हा कुणी बांधली नाही.

टॉप स्टेशनच्या पुढे वट्टवडाकडे जाणारा रस्ता पांपाडुम शोला राष्ट्रीय उद्यानातून जातो. चौकीवर नोंद केली आणि वनखात्याच्या सोबत्याबरोबर रस्त्यानं पायी निघालो. तो मुथुवान समाजाचा, कमी बोलणारा, पण त्याचे कान विलक्षण. तो थांबला की आपण थांबायचं.

पहिला आला तो ब्लॅक-अँड-ऑरेंज फ्लायकॅचर. नारिंगी अंग, काळे पंख, काळं डोकं, आणि भीड अशी नाहीच. रस्त्याकडेच्या गटारावर वाकलेल्या फांदीवरून तो आमच्या बुटांजवळ उतरला, किडा घेतला, पुन्हा फांदीवर. मग गडद निळा निलगिरी फ्लायकॅचर. हे दोघे खिंडीच्या दोन्हीकडे आढळतात, बाबांनी वहीत तशी खूण केली.

आणि मग झुडपातून खिदळल्यासारखा आवाज सुरू झाला, एकानं सुरू केला की चारजण उचलणार. पळनी लाफिंगथ्रश. राखाडी छाती, पांढरी ठसठशीत भुवई, पोटाला विटकरी झाक. रानटी रास्पबेरीच्या जाळीत सहा-सात पक्षी फळं खात होते. बाबा दुर्बीण खाली न ठेवता म्हणाले, "हा आपल्या फेअरबँक साहेबांचा पक्षी."

हे आम्हा नगरकरांना विशेष. सॅम्युएल बेकन फेअरबँक हे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री, नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला त्यांचं ठाणं. मराठी उत्तम, मराठीत त्यांनी पुस्तकंही लिहिली. नगर जिल्ह्यात काम करता करता त्यांनी पक्षी आणि गोगलगाई गोळा केल्या, खंडाळा-महाबळेश्वरपासून बेळगावपर्यंतच्या सह्याद्रीतल्या पक्ष्यांची यादी १८७६ मध्ये छापली. पळनीच्या डोंगरात त्यांनी मिळवलेल्या या लाफिंगथ्रशला निसर्गअभ्यासक ब्लॅनफर्डनं १८६९ मध्ये त्यांचं नाव दिलं, फेअरबँकी. वडाळ्याच्या माळरानावरचा माणूस आणि या धुक्यातल्या जाळीतला पक्षी, दोघांची गाठ दीडशे वर्षं टिकली आहे. नगरमध्ये मिशनच्या शाळा-दवाखाने सगळ्यांना माहीत, हा पक्षी मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून इथे सविस्तर लिहिलं.

शोलाकिळीनं वाट पाहायला लावली. व्हाइट-बेलीड शोलाकिळी, दक्षिणेकडची. सोबत्यानं आम्हाला एका ओहोळाकाठी उभं केलं, ऊन अजून पोहोचलं नव्हतं. पायाखाली काळी, भुसभुशीत पानांची माती. बऱ्याच वेळानं ओहोळापलीकडे एक निळसर-काळपट पक्षी उंच पायांवर टुणकन पुढे आला, पान उलटलं, थबकला. कपाळावर फिकट निळी रेघ, पोट पांढरं, कुशी पाटीच्या रंगाच्या. पुन्हा एक पान उलटलं. शेपूट एकदा वर झाली आणि तो मुळांखाली गेला. बाबांनी कुशींचा रंग दोनदा खात्री करून लिहिला, कारण खिंडीपलीकडे नेमका तोच वेगळा असणार होता.

परतताना वट्टवडात लसूण घेतला. बारीक कुड्यांचा, उग्र वासाचा, टिकाऊ. जाल तर नक्की घ्या.

इरविकुलम, पाचवा दिवस

इरविकुलमची तिकिटं ऑनलाइन आधीच काढा, सकाळची पहिली वेळ मिळवा. फाटकातून वनखात्याच्या बसनं राजमलाला नेतात, तिथून डांबरी वाटेनं पायी वर. निलगिरी ताहर रस्त्याच्या कडेला चरत असतात आणि जगातली त्यांची सर्वांत मोठी संख्या याच उद्यानात आहे. २,६९५ मीटरचं आनामुडी समोरच, ढगात अर्धं. नीलकुरिंजी २०१८ मध्ये फुलली होती, आता पुढचा मोठा बहर २०३० मध्ये.

आम्हाला हवा होता निलगिरी पिपिट, उंच गवतातला पट्टेरी, साधासा पक्षी. तो ताहरच्या पायांजवळ गवतातून धावत होता. लोक ताहरबरोबर सेल्फी काढत होते, तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता. जनावराच्या फार जवळ जाणाऱ्यांना तिथला रखवालदार शिट्टी वाजवून मागे घेत होता, आणि ते त्याला दिवसभर करावं लागत असणार.

चिन्नार, सहावा दिवस

मुन्नारहून मरयूरमार्गे खाली उतरलो आणि दोन तासांत जग बदललं. पश्चिमेचा पाऊस डोंगर अडवतो, त्यामुळे चिन्नारला काटेरी झुडपं, निवडुंग आणि तापलेले दगड. स्वेटर काढून सुती शर्ट घातले. मरयूरला उसाच्या रसाचे चुलाण पेटलेले होते. गरम गूळ हातावर घेऊन गोळे वळतात, त्यातला एक आम्हाला तसाच ऊन ऊन खायला दिला. सुंठ-वेलची नसलेला, नुसता खमंग गूळ.

चिन्नारमध्ये आदिवासी वाटाड्याबरोबर नदीकाठी दोन तास फिरलो. राखाडी, पिंगट झाक असलेली ग्रिझल्ड जायंट खार दिसली, आपल्या शेकरूची नातेवाईक. कातळांमध्ये पिवळ्या गळ्याचा बुलबुल दिसला. हा दक्षिण भारतातल्या खडकाळ टेकड्यांवरच राहतो. मुक्काम पोल्लाचीला, वाटेत उदुमलपेठपासून पवनचक्क्यांची रांग. खिंडीतून येणारा वाराच त्यांना फिरवतो.

वालपराई, सातवा आणि आठवा दिवस

आळियारपासून वालपराईपर्यंत ४० वळणांचा घाट. नवव्या वळणावर लोम्स व्ह्यू, तिथे कातळावर ताहर उभे होते. वरती पोहोचल्यावर चहाच चहा. १८९० च्या दशकात या पठारावरचं सदाहरित जंगल तोडून मळे लावले. मळ्यांच्या मधे काही तुकडे राहिले, आणि याच तुकड्यांसाठी वालपराईला यायचं.

पुदुतोट्टमच्या तुकड्यात सिंहपुच्छ वानरांची टोळी रस्त्यालगत फणस फोडून खात बसली होती. चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ, अंग काळंभोर. रस्त्यावर मेलेली वानरं सापडू लागली म्हणून नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन आणि वनखात्यानं झाडांच्या फांद्यांमध्ये पूल टांगले आहेत. एक मादी पोटाशी पिल्लू धरून त्या पुलावरून आमच्या डोक्यावरून गेली, खाली न बघता. याच संस्थेनं उजाड झालेल्या तुकड्यांमध्ये गेली वीसेक वर्षं मूळ जातींची रोपं लावली आहेत. कडेनं चालताना जुनं रान आणि नवं लावलेलं रान असं दोन्ही दिसतं, आणि नव्या भागातही आता सावली पडलेली आहे.

महाधनेश दिसण्याआधी ऐकू येतो. पंखांतून हवा सुसाटते आणि तो आवाज दरीभर भरतो. एका उंच झाडाच्या ढोलीजवळ नर-मादी आले, नरानं ढोलीत मान घालून पाहिली, मादीनं पाहिली, आणि उडून गेले. वीण जवळ आली होती. मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते आणि कित्येक आठवडे नर तिला फळं भरवतो. हे झाड पडलं तर जवळपास तशी ढोली असलेलं दुसरं नसतं, हे गाइडनं जरा कडवटपणे सांगितलं.

संध्याकाळी चहाच्या दुकानात एक पिकल्या केसांचे मळा कामगार भेटले. तमिळमध्ये बोलले, गाइडनं सांगितलं. मुख्य वळणांवर खांबांना लाल दिवे आहेत. हत्ती जवळ असले की ते पेटवतात, आणि कामावरून परतणाऱ्या बायका त्या वाटेनं जात नाहीत. आजोबा म्हणाले, आधी हत्ती अंधारात अंगावर यायचा, आता आधी कळतं, मग आम्ही त्याची वाट सोडतो.

वालपराईत रात्री आठनंतर बाहेर पडू नका. पेट्रोल पोल्लाचीतच भरा.

खिंड ओलांडून कोटागिरी, नववा दिवस

डोंगर उतरून पोल्लाची, कोइम्बतूर, मेट्टुपाळयम आणि पुन्हा घाट. नारळाच्या बागा, गिरण्या, ट्रकच्या रांगा. बाबा पुढच्या सीटवर, घाट संपला तिथून वर चढेपर्यंत तासांमागून तास बाहेर बघत होते. नकाशात ही खिंड बोटाच्या रुंदीची. गाडीनं जाताना मात्र कळतं, की पान उलटत चालणाऱ्या पक्ष्याला हे अंतर कधीच पार करता येणार नाही.

निलगिरीत बाहेरच्या गाड्यांना ई-पास लागतो, २०२४ पासून. ऑनलाइन मिळतो. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या जप्त होतात, स्टीलच्या बाटल्या न्या.

लाँगवुड शोला, दहावा दिवस

कोटागिरी शहराला लागून ११६ हेक्टरचं लाँगवुड शोला, चहाच्या मळ्यांनी चहूबाजूंनी वेढलेलं. खालच्या गावांना पिण्याचं पाणी इथूनच येतं. म्हणूनच गावकऱ्यांनी समिती करून वनखात्याच्या बरोबरीनं ते राखलं आहे, नाहीतर शहराच्या इतक्या जवळचं जंगल केव्हाच सरपणात गेलं असतं. फाटकापाशी इथल्या बडगा समाजाची एक आजी पांढरं लुगडं नेसून शेळ्या घेऊन उभी होती. आमच्या दुर्बिणी पाहून गाइडला काहीतरी म्हणाली. गाइडनं हसून सांगितलं, आजी म्हणते पक्षी बघा, पण झऱ्यात पाय घालू नका, ते आमचं पिण्याचं पाणी आहे.

निलगिरी लाफिंगथ्रश पहिल्या वळणावरच मिळाला. तीच भुवई, तोच खिदळता आवाज, पण छाती आणि पोट विटकरी-तांबूस. पांपाडुमच्या राखाडी छातीचा फोटो भावानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर काढून समोर धरला, आणि आम्ही चौघं एकदा पडद्याकडे, एकदा झुडपाकडे असं बघत राहिलो. वहिनी म्हणाली, "आता मलाही कळलं." त्या एका क्षणासाठी एवढा प्रवास केला होता, आणि तो पुरेपूर वसूल झाला.

निलगिरी शोलाकिळी तासाभरानं दिसली. तशीच उंच पायांची, तशीच पानं उलटणारी, ओहोळाच्या कडेनं. पण कुशी आणि शेपटीखालचा भाग तांबूस. बाबांनी वहीचं ते पान काढलं आणि 'कुशी पाटीच्या रंगाच्या' या ओळीसमोर 'इथे तांबूस' असं लिहिलं. मग निलगिरी वुड पिजन आला, मानेवर बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा चौकडा, उंच फांदीवर फळं गिळत. त्याला आम्ही सगळे झोपून, पाठ जमिनीला लावून पाहिलं.

दुपारी कोटागिरीच्या बाजारात वर्की आणि चहा. वर्की म्हणजे पापुद्र्यांची खुसखुशीत बिस्किटं, चहात बुडवायची आणि लगेच खायची, थांबलात तर विरघळते. भट्टीतून आलेली घ्या, पाकिटातली नको.

तुम्हीही दोन्ही बाजू पाहणार असाल तर क्रम हाच ठेवा, आधी दक्षिण, मग निलगिरी. शेवटी कोइम्बतूरहून विमान पकडणं सोयीचं पडतं. वालपराई गाळलीत तर दोन दिवस वाचतात, पण महाधनेश निवांत बघायचा असेल तर गाळू नका. दुर्बीण ८ बाय ४२ ची, प्रत्येकाची स्वतंत्र. शोलात उजेड कमी, स्वस्त दुर्बिणीत कुशींचा रंग कळणार नाही.

अजून दक्षिणेला, अच्चनकोविलच्या खिंडीपलीकडे, अशांबू लाफिंगथ्रश आणि अशांबू शोलाकिळी आहेत. वायनाडच्या डोंगरांत बाणासुरा लाफिंगथ्रश आहे, धोक्यात आलेला, अगदी थोड्या शिखरांवर उरलेला. बाबांनी पुढच्या जानेवारीसाठी अशांबूच्या डोंगरांतल्या पोनमुडीची चौकशी सुरू केली आहे.